हाडातले स्क्रू

माझ्या वडिलांचं कल्याणच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. पितळेची पातेली, तांब्याचे हंडे, घंगाळी, समया असा सगळा जुना माल. सत्तावन सालच्या सुमाराला वडिलांनी दारासमोरचं एक फडताळ रिकामं करून त्यात स्टेनलेस स्टीलची भांडी मांडली. कल्हई लागत नाही, आमटी कळकत नाही, चिंच लावून घासत बसायला नको, एवढं सांगितलं की बायका पेला हातात घेऊन उलटसुलट करून बघत. भाव ऐकला की पुन्हा फडताळात ठेवत. पण बघायला येत जरूर.

अठ्ठावनच्या उन्हाळ्यात विश्राम वैती आमच्याकडे कामाला लागले. चाळिशीचे, काळेसावळे, हाडापेराने मोठे. हातांवर लेथमधून उडालेल्या धातूच्या किसाचे जुने डाग होते. भांड्यांचे पोचे काढणं, कान बसवणं, पॉलिश करणं हे त्यांचं काम. गर्दी असली की तेही गिऱ्हाईक बघत, आणि तिथं वडिलांची पंचाईत व्हायची. कुणी विचारलं, "हे कधीच गंजत नाही ना हो?" तर कुठलाही दुकानदार "कधीच नाही" म्हणून मोकळा होईल. विश्रामदादा म्हणायचे, "मिठाचं पानी जास्त दिवस ठेवू नका त्यात. धुवून पुसून ठेवा, हवा लागू द्या. मग टिकेल."

वडील चिडायचे. "अहो वैती, तुम्ही माल विकताय की गिऱ्हाइकाला घाबरवताय?"

दादा मान खाली घालून पॉलिशच्या चाकाकडे परत जायचे.

माझं कॉलेज संपलं होतं, नोकरी लागायची होती. दिवसभर दुकानात असायचो. त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. काही त्यांनी सांगितली, काही त्यांच्या बायकोनं, आणि पुढे एकदा तिच्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टर राजे यांच्याशी गाठ पडली तेव्हा राहिलेली कळली.

वैतींचं घर ठाण्याला कोपरीत. बाप, आजा सगळे मिठागरावर राबलेले. विश्रामदादा लढाईच्या दिवसांत अंबरनाथला कारखान्यात लागले आणि तिथं लेथ शिकले. लढाई संपली, माणसं कमी केली, त्यात तेही घरी आले. मग नौपाड्यात कर्णिकांकडे काम मिळालं.

प्रभाकर कर्णिक शिकलेले, सरळ गृहस्थ. एका जुन्या बंगलीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी डॉक्टरांची हत्यारं बनवायचा कारखाना काढला होता. चिमटे, कात्र्या, चाकूच्या मुठी, जखमेची वाटी. पूर्वी ही हत्यारं लोखंडाची असत आणि वर निकेलचा मुलामा असे. उकळून उकळून मुलामा सुटायचा आणि खालून गंज निघायचा. स्टेनलेसला वरचा मुलामा नाही, आतबाहेर एकच धातू. कितीही उकळा, तसाच. विश्रामदादांना हे काम मनापासून आवडायचं. पहिल्या दिवशी त्यांनी साध्या लोखंडासारखं हलक्या हातानं टूल लावलं, तर धातू कापला न जाता नुसता घासला गेला आणि घासला तिथं आणखी कडक झाला. टूलची धार गेली. कर्णिक हसून म्हणाले, "विश्राम, याला भीत भीत हात लावायचा नाही. एकदम खोल काप घ्यायचा. घासत बसलास तर ते दगड होतं."

दोन जातींचं स्टेनलेस येई. एक चाकू-कात्र्यांचं. ते तापवून पाणी दिलं की कडक होई, धार धरी, लोहचुंबक त्याला चिकटे. दुसरं वाट्यांचं, चिवट. ते वाकवा, खोल ठोका, फुटत नसे, आणि चुंबक त्याला शिवतही नसे. कारखान्यात दोन्हीच्या कांबी शेजारी ठेवलेल्या असत. रंगानं ओळखू येत नसत, म्हणून विश्रामदादांच्या खिशात कायम एक चुंबकाचा तुकडा असे.

बायकोचं नाव कलावती. तिचंही माहेर मिठागरवाल्यांचं. दोन मुलं झाली आणि दोन्ही रांगायच्या आत गेली. नंतर मूल झालं नाही. घरात सासू ठमाबाई आणि ही दोघं. नवऱ्याला कारखान्याचा पगार होता तरी कलावतीनं मिठागर सोडलं नाही. "घरात बसून भिंती बगू काय?" म्हणायची. आवाज खणखणीत होता, चाल जोरकस. मिठाची भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती फळीवरून खाडीतल्या मचव्यात चढायची तेव्हा पाटीला हात लावत नसे, असं कोपरीचे लोक सांगायचे.

सत्तावनच्या मे महिन्यात, पावसाच्या आत मीठ हलवायची घाई चाललेली असताना, ती फळी ओल्या चिखलावरून सरकली. कलावती मचवा आणि दगडी धक्का यांच्या मधे पडली. भरतीचं पाणी होतं. मचवा झुलला आणि धक्क्यावर येऊन टेकला. तिची उजवी मांडी मधे सापडली.

ठाण्याच्या डॉक्टरांनी फळ्या बांधून मुंबईला न्यायला सांगितलं. मोठ्या इस्पितळात तिचा पाय ताणून वजन लावून ठेवला. पाऊस सुरू झाला, आठवड्यांवर आठवडे गेले, पण हाड जुळेना. तुटलेल्या टोकांच्या मधे मांस अडकलं होतं. तिथं डॉक्टर राजे म्हणून एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विश्रामदादांना बाजूला घेतलं.

"वैती, मांडी उघडून हाडावर धातूची पट्टी बसवावी लागेल. स्क्रूनं आवळून. दुसरा मार्ग नाही."

"आतच ठेवायची पट्टी?"

"आतच. स्टेनलेसची असते, शरीर ती सहन करतं. पण अडचण अशी आहे, पट्टी आमच्याकडे आहे, तिच्या मापाचे स्क्रू संपलेत. परदेशातून येतात. सरकारनं आयात आवळलीय, कधी येतील सांगता येत नाही."

विश्रामदादा म्हणाले, "मी स्टेनलेसचंच काम करतो, साहेब. एक नमुना द्या."

डॉक्टरांनी मोठ्या सर्जनना विचारलं. मोठ्या सर्जननी कर्णिकांची हत्यारं वर्षानुवर्षं वापरलेली होती. ते म्हणाले, कर्णिकांचा माणूस असेल तर हरकत नाही, बनवू द्या.

नमुन्याचा स्क्रू रुमालात बांधून विश्रामदादा कारखान्यात आले. चुंबक लावला. चिकटला नाही. वाट्यांच्या जातीचं पोलाद होतं. पण त्या जातीची कांब कारखान्यातही संपली होती, कारण तीही परदेशातूनच यायची. चाकूच्या जातीची कांब मात्र शिल्लक होती.

ते कर्णिकांकडे गेले. "साहेब, नमुना बिनचुंबकाचा आहे. आपल्याकडे चुंबकाचा आहे. चालेल काय?"

कर्णिकांनी स्क्रू हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला. "का नाही चालणार? आपल्या कात्र्या रोज रक्तात बुडतात, उकळतात. गंजल्या कधी? उलट हे जास्त कडक आहे, स्क्रू मोडणार नाही. स्टेनलेस ते स्टेनलेस."

त्यात खोटं काही नव्हतं. कर्णिकांना तसंच वाटत होतं. तरीही विश्रामदादांचं समाधान झालं नाही. त्यांनी पहिला स्क्रू कातला, पाणी दिलं, आरशासारखा घासला, ॲसिडमध्ये बुडवून धुतला. मग मिठागरावरून बाटलीभर खारं पाणी आणलं आणि स्क्रू त्यात टाकून बाटली कारखान्याच्या खिडकीत ठेवली. त्याच्याबरोबर एक साधा लोखंडी खिळाही टाकला. काही दिवसांत खिळ्यानं पाणी तांबडं केलं. स्क्रू बाहेर काढून पुसला तर नवाकोरा. कर्णिक म्हणाले, "झालं समाधान?"

झालं होतं. बाकीचे स्क्रू त्यांनी जेवणाची सुट्टी न घेता केले. शेजारचे कामगार सांगायचे, असा आटा त्यांनी पुन्हा कधी पाहिला नाही. प्रत्येक स्क्रू बोटांनी फिरवून, कुठं खरखर लागते का ते जिभेवर धरूनसुद्धा पाहिलं. बायकोच्या अंगात जायचा होता तो.

शस्त्रक्रिया नीट झाली. मोठे सर्जन स्वतः म्हणाले, "उत्तम काम आहे. विलायती मालाहून कमी नाही." ती गोष्ट इस्पितळात पसरली. पंधरवड्यात कर्णिकांकडे दुसऱ्या इस्पितळाची मागणी आली, मग पुण्याची, मग कल्याणच्या एका खासगी दवाखान्याची. सगळीकडे तीच टंचाई होती. कर्णिकांनी दुसरा लेथ स्क्रूंसाठी मोकळा केला आणि त्याच्यावर विश्रामदादांना बसवलं. ती चाकूची कांब संपली, तर तसलीच आणखी मिळवली. दादा सांगायचे, आयुष्यातले ते सगळ्यात अभिमानाचे महिने होते. लोकांची मोडलेली हाडं आपल्या हातच्या वस्तूनं जुळतायत, असं मनात यायचं आणि हात आणखी काळजीनं चालायचा.

गणपतीत कलावती काठी घेऊन अंगणात चालली. ठमाबाईंनी तिची दृष्ट काढली. दिवाळीला ती काठी न घेता चुलीपाशी उभी राहिली. मग थंडी पडली आणि मांडी दुखायला लागली.

आधी वाटलं, जुनं दुखणं थंडीत उठतं. कलावती रॉकेल आणि मीठ चोळून घ्यायची. मग मांडीवरची कातडी लाल झाली, गरम लागायला लागली, आणि एके सकाळी शस्त्रक्रियेच्या वणाच्या कडेला तोंड पडून पाणी वाहू लागलं. पाणी पिवळट तांबूस होतं. ठमाबाई म्हणाल्या, "हा पू नाय रे विश्राम. पुवाला असा वास नसतो. ह्याला लोकंडाचा वास येतो."

डॉक्टर राज्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू केली. थोडे दिवस उतार पडे, मग पुन्हा तेच. जानेवारीत त्यांनी मांडी पुन्हा उघडली.

शस्त्रक्रिया आटोपल्यावर त्यांनी विश्रामदादांना आत बोलावलं. टेबलावर एक वाटी होती, कर्णिकांच्याच कारखान्यातली. वाटीत काढलेली पट्टी आणि स्क्रू. पट्टी अजून चकाकत होती, फक्त भोकांच्या कडेला काळी वर्तुळं उमटली होती. स्क्रूंकडे पाहून विश्रामदादांना प्रथम कळलंच नाही की हे काय आहे. डोकी खालच्या बाजूनं कुरतडल्यासारखी झाली होती. दांड्यांना बारीक खोल छिद्रं पडली होती, वाळवी लागलेल्या लाकडासारखी. एक दोन तुकड्यांत होता.

"आजूबाजूचं मांस काळं पडलंय," डॉक्टर राजे म्हणाले. "हाड जुळत आलं होतं, ते पुन्हा सुटलं. वैती, हे कुठल्या पोलादाचे केलेत?"

"स्टेनलेसचे, साहेब."

"कुठल्या स्टेनलेसचे?"

दादांनी खिशातून चुंबक काढला. स्क्रूला लावला, स्क्रू उचलून आला. पट्टीला लावला, काही झालं नाही. त्यांनी मिठाच्या पाण्याची गोष्ट सांगितली. 

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मला पुढे त्यांनी तेच सांगितलं, म्हणून लक्षात आहे. लोखंडात क्रोमियम पुरेसं मिसळलं की त्याच्या अंगावर एक पापुद्रा धरतो. इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही. तोच गंज अडवतो. ओरखडा पडला तर हवा लागताच पापुद्रा पुन्हा धरतो. म्हणून कात्री रोज वापरली, धुतली, पुसली तर वर्षानुवर्षं टिकते. बाटलीतल्या पाण्यातही थोडी हवा असते, आणि दिवस थोडे होते. पण पट्टीखाली घट्ट आवळलेल्या स्क्रूला हवा मिळत नाही. भोवती शरीराचं खारं पाणी कायमचं. तिथं पापुद्रा एकदा फाटला की फाटलाच. पट्टीच्या पोलादात क्रोमियम जास्त, शिवाय निकेल आणि मॉलिब्डेनम. चाकूच्या पोलादात ते नाही. त्यावर आणखी एक. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की टॉर्चच्या सेलसारखा प्रवाह सुरू होतो आणि दोघांतला दुबळा झिजतो. पट्टी चांगली होती, म्हणून स्क्रू जास्तच लवकर गेले.

"आम्हीही विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "परदेशातल्या वैद्यकीय मासिकात यावर लिहून आलंय. मी वाचलं ते आता, हे बाहेर काढल्यावर. आधी नाही वाचलं."

"बायकोच्या पायाचं काय?"

 डॉक्टर राजे पुढे दोन महिने झगडले. जखम धुतली, हाडाचे मेलेले तुकडे काढले. मार्चमध्ये कलावतीला ताप चढला तो उतरेना. पाय मांडीत, वरच्या बाजूला कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर तिनं चादर चाचपली आणि नवऱ्याकडे बघितलं. विश्रामदादांनी ठरवलं होतं, लपवायचं नाही. तिथंच खाटेशेजारी बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. कांब कुठली होती, का वापरली, काय झालं.

कलावती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमी बनवले म्हनून मी डोले मिटून घेतले अंगात."

एवढंच. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायची बंद झाली. सासूशी बोलायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलायची. दादा डबा घेऊन यायचे, ती जेवायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. ते रोज संध्याकाळी येऊन खाटेच्या पायथ्याशी बसून राहायचे. कारखान्यात जायचे बंद झाले होते.

एकदा ती भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलली. "असे आनखी किती बनवले?"

"खूप."

"कुनाच्या अंगात गेले?"

"मना ठावं नाय."

ती कोपरावर उठून बसायला गेली. तोल सांभाळता आला नाही, पडली, पुन्हा उठली. शेजारची बाई मदतीला धावली, तिला तिनं हातानं दूर केलं. "मग माज्यासमोर काय बसलेत तुमी? माजा पाय गेला. त्यांचे हायेत ना अजून? जा. बसू नका इथं."

दुसऱ्या दिवशी विश्रामदादा नौपाड्याला गेले. स्क्रूंचा लेथ चालूच होता, त्यावर दुसरा कामगार होता. कर्णिकांना कलावतीच्या पायाचं कळलं होतं, भरल्या डोळ्यांनी ते उठून उभे राहिले. पण दादांनी बाटलीत घातलेले ते कुरतडलेले स्क्रू टेबलावर ठेवले आणि सगळीकडे कळवायला सांगितलं, तेव्हा ते खाली बसले.

"विश्राम, जखमेत जंतू गेले असतील. त्यानंही धातू खराब होतो. एका केसवरून..."

"साहेब, पट्टी का नाय मग खराब झाली?"

कर्णिकांनी एक स्क्रू उचलून पाहिला. "लेथ आज बंद करतो," ते म्हणाले. "आहेत ते स्क्रू मोडीत घालतो. पण गेलेल्या मालाचं मी काय सांगू लोकांना? चांगल्या झालेल्या माणसांच्या मांड्या पुन्हा उघडा म्हणून सांगू? उद्या माझ्या कात्रीलाही कुणी हात लावणार नाही. इथं एवढी माणसं जेवतात, विश्राम."

"त्यांच्या अंगात काय चाललंय ते त्यांना ठावं नाय, साहेब."

"मला तरी कुठं माहीत आहे?"

कर्णिकांनी त्या दिवशी खरंच लेथ बंद केला. पण कुणाला कळवलं नाही. विश्रामदादांनी नोकरी सोडली.

मग ते निघाले. माल पोहोचवायला अनेकदा तेच गेलेले असत, त्यामुळे ठिकाणं माहीत होती. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर राजे बरोबर आले; पाय वाचवायच्या धडपडीत हे त्यांनाही सुचलं नव्हतं. कपाटातल्या स्क्रूंच्या डब्यात चुंबक धरला तर घोसासारखे स्क्रू लटकून आले. ते सगळे फेकून दिले आणि वॉर्डात ज्यांना ते बसवले होते त्यांची नावं काढायला सुरुवात झाली. दुसऱ्या इस्पितळात दारवानानंच अडवलं. तिसऱ्या ठिकाणी एका सर्जननी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही शिकलात किती?" चौथी, म्हणाले. सर्जन म्हणाले, "मग मला माझं काम करू द्या." पुण्याला तर डॉक्टर राज्यांनी स्वतः कळवलं होतं, तरी उत्तर आलं की आमच्याकडे तशी तक्रार नाही. तक्रार यायला वेळ लागतो, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. कलावतीच्या मांडीनंही दिवाळीपर्यंत काही तक्रार केली नव्हती.

कल्याणच्या त्या खासगी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मात्र दाराला कडी घालून त्यांना समोर बसवलं. त्यांनी दोघांना ते स्क्रू बसवले होते. एक उत्तम नावाचा, रेल्वेत कोळसा टाकणारा फायरमन, इंजिनावरून पडून नडगी मोडलेला. दुसरा भिवंडीकडचा एक बैलगाडीवाला, पंढरी. डॉक्टर म्हणाले, "फायरमन इथंच राहतो. चला."

उत्तमची नडगी नुकती ठणकायला लागली होती. हाड जुळलेलं होतं. स्क्रू आणि पट्टी काढली, जखम भरून आली. तो पुढे इंजिनावर नाही, पण शेडमध्ये कामाला लागला. बैलगाडीवाल्या पंढरीच्या गावी विश्रामदादा एसटीनं गेले. घर सापडलं. त्याची बायको ओट्यावर भात पाखडत होती. तिनं सांगितलं, "ते होळीच्या आधीच गेले. पायाला पू झालेला, तो सगळ्या अंगात पसरला." कुठून आलात, विचारून तिनं त्यांना पाणी आणून दिलं. विश्रामदादांनी तिला सांगितलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. ते म्हणाले ते एवढंच, की पाण्याचा तांब्या हातात घेतला पण पिता आलं नाही.

त्याच म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांना सांगून दादांना आमच्याकडे लावलं. दुकानामागच्या खोलीत त्यांनी बिऱ्हाड केलं. कोपरीला ठमाबाई एकट्या राहिल्या. तिथली माणसं कलावतीकडे ज्या नजरेनं बघत ती तिला सोसवत नव्हती, म्हणून तिनंच यायचं ठरवलं, असं ती मला म्हणाली. कुबडी घेऊन ती बाजाराच्या तोंडाशी सुकी मासळी घेऊन बसायची. सोडे, बोंबील, जवळा. आवाज तसाच खणखणीत. गिऱ्हाइकाशी भांडताना ऐकलं तर हिला एक पाय नाही असं कुणाला वाटलं नसतं.

नवऱ्याशी ती बोलत असे, पण कामापुरतं. दुपारी मी कधी मागच्या खोलीत गेलो तर दोघं समोरासमोर बसून जेवत असायची. ती त्यांच्या ताटात वाढायची, ते खाली बघून जेवायचे. एकदा माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "भाकर आनखी आहे काय?" तर तिनं आपल्या ताटातली अर्धी मोडून त्यांच्या ताटात टाकली. 

महिन्यातून एका रविवारी दादा अजून निघायचे. कधी उल्हासनगरला, कधी पनवेलला, कुठंही हाडांचे डॉक्टर आहेत असं कळलं की. कुणी ऐकायचं, बहुतेक ऐकायचे नाहीत. मी एकदा त्यांना म्हणालो, "दादा, आता आयातीचा माल यायला लागलाय. कोण वापरणार ते जुने?"

"नवे कोन घेईल म्हनून नाय जात मी," ते म्हणाले. "बसवलेले आहेत ते कुटं आहेत, ते मना कुनी सांगत नाय."

एकोणसाठच्या पावसाळ्यात कलावतीच्या उरलेल्या मांडीत पुन्हा पू झाला. हाडात शिरलेलं कुठंतरी दबून राहिलं होतं. डॉक्टर राजे कल्याणला येऊन बघून गेले, आणखी वर कापायला जागा नाही म्हणाले. माझी त्यांची ओळख झाली ती याच वेळी. तापात ती बडबडायची, फळीचं, मचव्याचं, भरतीचं. शुद्धीत असली की शांत असायची. शेवटच्या आठवड्यात माझी आई तिच्याजवळ बसत असे. आईनं तिला एकदा विचारलं, "कलावती, राग गेला का गं?"

"नाय गेला," ती म्हणाली. "जायचा पन नाय. पर त्यांना सांगू नका. त्यांचा त्यांना पुरे आहे."

श्रावण उतरताना ती गेली. अंत्ययात्रेला कोपरीची माणसं आली, फायरमन उत्तम आला. कर्णिकही आले, लांब उभे राहिले. त्यांचा कारखाना त्याच वर्षी दुसऱ्या कुणी घेतला होता.

विश्रामदादा तेरावं झाल्यावर दुकानात परत आले आणि पॉलिशच्या चाकावर बसले. वडिलांनी आठवडाभर सुट्टी घ्या म्हटलं, तर नको म्हणाले. दिवाळीच्या आधी स्टीलचा बराच माल खपला. बाजारात आता प्रत्येक दुकानात तसलं एक फडताळ झालं होतं. माघात ठमाबाईंना दिसेनासं झालं तेव्हा दादा कायमचे कोपरीला गेले. जाताना वडिलांनी त्यांना एक स्टीलचं पातेलं देऊ केलं. त्यांनी नको म्हटलं नाही. पिशवीत घातलं, वडिलांना नमस्कार केला, आणि स्टेशनच्या वाटेला लागले.